मोजे पण काढा

"मोजे पण?"

हा प्रश्न मला आठवड्यातून दहा वेळा तरी ऐकावा लागतो. विचारणारा बहुतेक वेळा साठी ओलांडलेला, सहा फुटी शेतकरी असतो. फक्त चड्डीवर, टेबलाच्या कडेला पाय सोडून बसलेला. टाळूपासून पोटरीपर्यंत सगळं तपासून झालेलं असतं आणि त्याचे डोळे खुर्चीवरच्या शर्टाकडे लागलेले असतात.

"हो, मोजे पण."

"डॉक, तिथं ऊन पोचतच नाही." असं म्हणून तो हसतो. मीही हसते आणि त्याचे मोजे उतरायची वाट बघते.

मी ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये जीपी आहे, म्हणजे आपल्याकडचा फॅमिली डॉक्टर. ब्रिस्बेनच्या पश्चिमेला डार्लिंग डाउन्स नावाचा काळ्या मातीचा पट्टा आहे, त्यातल्या एका छोट्या गावात माझी खोली. आमच्या सोलापूर जिल्ह्यासारखीच माती, आणि गंमत म्हणजे पीकही तेच, ज्वारी. फक्त इथली ज्वारी बुटकी, लाल दाण्याची, आणि ती जाते जनावरांच्या तोंडी. पहिल्यांदा ते शेत बघितलं तेव्हा मी गाडी बाजूला घेऊन थांबले होते. मागच्या ट्रकवाल्यानं विचारलं, गाडी बिघडली का?

इथल्या माणसांचे पणजोबा-खापरपणजोबा आयर्लंड-स्कॉटलंडच्या ढगाळ हवेतून आलेले. ती दुधासारखी कातडी या उन्हात पिढ्यान्‌पिढ्या भाजून निघाली आहे. सत्तरीपर्यंत साधारण तीनातल्या दोन ऑस्ट्रेलियन माणसांना त्वचेचा कुठला ना कुठला कर्करोग होतो. आकडा ऐकून धक्का बसतो, पण इथे त्याबद्दल कुणी कुजबुजत नाही. "माझे आत्तापर्यंत चौदा कापलेत" हे वाक्य आपल्याकडे 'यंदा चौदा क्विंटल झाली' म्हणतात त्या सुरात येतं. कुणाच्या कानाची पाळी अर्धी असते, कुणाच्या नाकावर दुसरीकडून आणलेल्या कातडीचं ठिगळ असतं. उजवा हात डाव्यापेक्षा जास्त खराब, कारण इथेही ड्रायव्हर उजवीकडे बसतो आणि खिडकीतून येणारं ऊन त्याच हातावर पडतं. १९८१ साली इथल्या टीव्हीवर एक कार्टून सीगल पक्षी नाचत आला आणि म्हणाला, शर्ट चढवा, क्रीम थापा, टोपी घाला. इथे मोठ्या झालेल्या कुणालाही ते गाणं पाठ असतं.

सगळेच कर्करोग सारखे नसतात, हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत असतं. बेसल सेल नावाचा प्रकार सगळ्यात जास्त दिसतो. मोत्यासारखा चमकणारा पुटकुळीवजा उंचवटा, सावकाश वाढणारा, कुरतडत जाणारा, पण शरीरात दुसरीकडे क्वचितच पसरणारा. दुसरा स्क्वेमस सेल. हा खवल्यांचा, खरखरीत, कधी जखमेसारखा. ओठावर किंवा कानावर असला तर मी जास्त सावध होते. आणि तिसरा मेलॅनोमा, रंग तयार करणाऱ्या पेशींचा. संख्येनं कमी, पण माणूस नेतो तो हाच.

तपासणी अर्ध्या तासाची. केसांचा भांग पाडत पाडत टाळू, कानामागे, पापण्यांच्या कडा, पाठ, कुल्हे, बोटांच्या बेचक्या. नेलपॉलिश असेल तर ते पुसून यायला आधीच सांगितलेलं असतं. हातात डर्माटोस्कोप, म्हणजे दिवा बसवलेलं, दहापट मोठं दाखवणारं भिंग. त्यातला ध्रुवीकृत प्रकाश कातडीच्या वरच्या थरावरची चमक काढून टाकतो आणि खालचं दिसायला लागतं. नुसत्या डोळ्याला जो तपकिरी ठिपका दिसतो तो आत जाळी असते, ढग असतात, रेघा असतात. सुरुवातीचे सहा महिने मला सगळंच भयंकर वाटायचं. नंतर कळलं की एकटा तीळ बघायचाच नसतो. त्या माणसाच्या बाकी तिळांच्या घोळक्यात जो वेगळा दिसतो, त्याच्याकडे बघायचं. घोळक्यातलं कुरूप पिल्लू म्हणतात त्याला.

आणि मग मोजे.

त्या शेतकऱ्याचं म्हणणं बरोबर आहे. तळव्याला ऊन लागत नाही, आणि त्याच्यासारख्या माणसाच्या तळव्यावर मला काही सापडायची शक्यता फार थोडी. तरी मी तळवे बघते. खरं सांगायचं तर त्याचे तळवे मी त्याच्यासाठी बघत नाही.

२०११ मध्ये इंटर्नशिप संपवून मी अण्णांच्या दवाखान्यात बसायला लागले. अण्णा म्हणजे माझे वडील. तालुक्याच्या गावात बसस्टँडमागे दोन खोल्यांचा दवाखाना, बाहेर बाकडी, आत हिरवा पडदा. रोजचे सत्तर-ऐंशी पेशंट. चपला बाहेर काढून आत यायची पद्धत, त्यामुळे आमच्याकडे येणारा प्रत्येक माणूस अनवाणीच समोर बसायचा. हे मुद्दाम सांगते. मोजे काढायला सांगायचाही प्रश्न नव्हता.

मावशी पंचावन्नच्या आसपासच्या. दुसऱ्याच्या शेतात रोजंदारीवर, खुरपणी-काढणीला जायच्या, हंगामात डाळिंबाच्या बागेत. उजव्या टाचेला जखम. "बाभळीचा काटा मोडला व्हता, ताई. काटा निघाला पर ते भरंना." जखमेच्या कडेनं काळं होतं. मी विचारलं, हे काळं कशानं? म्हणाल्या, "बिब्बा लावलाय की."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बिब्बा म्हणजे एक फळ, त्याचं तेल कातडी जाळतं. टाचेत काटा सलत असला, कुरूप झालं, की बिब्बा तापवून त्याचा चटका द्यायची आपल्याकडे जुनी पद्धत. चटका दिला की कातडी काळी पडतेच. त्यामुळे काळं का, याचं उत्तर मिळालं होतं आणि ते उत्तर पटण्यासारखं होतं. मी केस पेपरवर लिहिलं: टाचेची जखम, ड्रेसिंग.

आम्ही निष्काळजी होतो असं नाही. हे स्वतःच्या समाधानासाठी लिहितेय का, माहीत नाही, पण खरं आहे. न भरणारी जखम म्हटल्यावर अण्णांनी पहिल्यांदा साखर तपासायला लावली. नॉर्मल. मग डोळे मिटायला सांगून कापसाच्या बोळ्यानं तळव्याला स्पर्श केला, कळतंय का बघायला. कुष्ठरोगात तळवा बधिर होतो आणि जखमा भरत नाहीत. सोलापूर भागातल्या जुन्या डॉक्टरला हे सांगावं लागत नाही. स्पर्श व्यवस्थित कळत होता. मदुरा पाऊल असेल का, म्हणजे बुरशीचा तो पाय सुजवणारा आजार, तेही बघितलं. पाय सुजलेला नव्हता, दाणे पडत नव्हते. तीन शंका घेतल्या, तिन्ही खोडल्या. चौथी आमच्या डोक्यात आलीच नाही. मेलॅनोमा हा आमच्यासाठी पुस्तकातला गोऱ्या लोकांचा आजार होता. फायनल इयरला मी त्याच्यावर दहा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं, आणि त्यात तळव्याचा प्रकार काळ्या-सावळ्या लोकांत दिसतो हे वाक्यही होतं. परीक्षा संपली की ते वाक्यही संपलं.

चौथ्या महिन्यात मावशींच्या जांघेत गाठ आली. "अवधान आलंय," त्याच म्हणाल्या. पायाला जखम झाली की जांघेत अवधान येतं, हे खेड्यात सगळ्यांना माहीत असतं आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. पुन्हा पाच दिवस अँटिबायोटिक. गाठ दुखत नव्हती. ती दुखायला हवी होती, हे मला आज कळतं.

शेवटी सोलापूरला सर्जनकडे पाठवलं. त्यांनी तुकडा काढला. रिपोर्ट आला तो दिवस मंगळवार, बाजाराचा. दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. कागदावर लिहिलं होतं, ब्रेस्लो जाडी साडेसात मिलिमीटर. ब्रेस्लो नावाच्या पॅथॉलॉजिस्टनं १९७० मध्ये दाखवून दिलं होतं की मेलॅनोमा किती पसरलाय याचा अंदाज त्याच्या खोलीवरून येतो, मिलिमीटरमध्ये. एकच्या आत असला तर माणूस बहुधा वाचतो. साडेसात.

मावशी टाटाला गेल्या. थोरला मुलगा सोबत. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिले. टाचेचा भाग काढला, जांघेतल्या गाठी काढल्या. आज ज्या इम्युनोथेरपीमुळे पसरलेल्या मेलॅनोमाची माणसंही वर्षानुवर्षं जगताना मी बघते, ती तेव्हा नुकती कुठे बाहेरच्या देशांत येत होती, आणि आली असती तरी रोजंदारीवरच्या बाईच्या आवाक्यातली नव्हती. पुढच्या वर्षी दिवाळीच्या आधी मावशी गेल्या.

अण्णा मातीला गेले होते. परत आले, आंघोळ केली आणि संध्याकाळची ओपीडी सुरू केली. त्याबद्दल आम्ही बोललो नाही. एकदा दुपारी ते झोपले असताना मी सुतळीनं बांधलेले गठ्ठे सोडून मावशींचा केस पेपर शोधला. अकरा नोंदी होत्या. त्यातल्या सात माझ्या अक्षरात. प्रत्येक वेळी तेच: टाचेची जखम, ड्रेसिंग.

पुढे परीक्षा, व्हिसा, लग्न, इथे येणं. ते सगळं बहुतेकांचं असतं तसंच झालं.

इथे आल्यावर त्वचेच्या कर्करोगाचा एक कोर्स केला, इथल्या जीपीला तो करावाच लागतो म्हणा ना. त्यात एके दिवशी स्क्रीनवर बॉब मार्लीचा फोटो आला. तुमच्यापैकी किती जणांच्या टीशर्टवर तो असेल. १९७७ मध्ये त्याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखालची जखम मेलॅनोमा निघाली. आधी फुटबॉल खेळताना लागलंय असंच सगळ्यांना वाटलं होतं. अंगठा कापायचा सल्ला त्यानं मानला नाही. ११ मे १९८१ ला तो गेला, वय ३६. म्हणजे ज्या वर्षी इथे गोऱ्या लोकांना सीगल टोपी घालायला सांगत होता त्याच वर्षी. फोटो बघून वर्गातल्या लोकांनी हळहळ व्यक्त केली. मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. फुटबॉल. काटा. बिब्बा. प्रत्येक वेळी कुणाकडे तरी चांगलं कारण तयार असतं.

त्याच कोर्सच्या निमित्तानं वाचताना मला आपल्या घरचीच एक गोष्ट परक्या देशात समजली. १९४५ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियलमधले पॅथॉलॉजिस्ट वसंत रामजी खानोलकर यांनी सूर्याबाई यांच्यासोबत एक निबंध छापला होता. माणसाच्या सवयी आणि कर्करोग असा त्याचा विषय. त्यात धोतराचा कर्करोग होता. धोतर वर्षानुवर्षं कमरेला एकाच जागी घट्ट आवळलं की कातडी घासून घासून आधी काळी पडते, मग जाड होते, मग कधीतरी, क्वचित, तिथे स्क्वेमस सेल उगवतो. परकराच्या नाडीनंही तेच होतं. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी अशा दोन वयस्क बायकांच्या केसेस छापल्या, तेव्हा बातम्यांचे मथळे आले, 'साडीमुळे कॅन्सर!' साडीचा बिचारीचा काही दोष नाही, आवळलेल्या नाडीचा आहे. आणि काश्मीरमध्ये पोटाशी कांगडी धरून बसल्यानं होणारा कर्करोग तर इंग्रजांच्या काळापासून नोंदलेला आहे. म्हणजे आपल्या कातडीचे कर्करोग शोधायचे तर उन्हाच्या नकाशावर शोधून चालत नाही. नाडीखाली, जुन्या भाजल्याच्या व्रणात, टाचेखाली बघावं लागतं. झाकलेल्या जागी. जिथे आपल्या दवाखान्यात कपडा बाजूला करायला कुणी सांगत नाही आणि सांगितलं तर कुणी करत नाही.

आई इथे आली होती तेव्हा मी तिला म्हटलं, कंबर दाखव. "कशाला गं?" नाडीची जागा बघायचीय. तिनं जी काही नजर टाकली! शेवटी दाखवली. काळा पट्टा होता, बाकी काही नाही. मी तिला रुंद इलॅस्टिकचा परकर आणून दिला. तो तिनं दोन दिवस घातला आणि मग म्हणाली, सुटल्यासारखं वाटतं. तळवे मात्र तिनं सहज दाखवले. तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी जन्मभर तिच्या पाया पडत आलेय आणि तिचा तळवा पहिल्यांदाच बघतेय.

इथल्या आपल्या मंडळींची वेगळी गंमत. ब्रिस्बेनला गणपतीत कुणीतरी विचारतंच, काय प्रॅक्टिस करतेस? सांगितलं की उत्तर ठरलेलं: "बरंय, आपल्याला ते काही होत नाही." उन्हाबद्दल ते जवळजवळ खरं आहे. आपल्या कातडीतलं मेलॅनिन बरंच ऊन अडवतं. सनस्क्रीनच्या ज्या रील्स तुम्हाला दिवसाला दहा दिसतात, त्या लावल्यानं डाग कमी पडतील, टॅन कमी होईल, पण सावळ्या माणसाचा मेलॅनोमा त्यानं टळतो असं म्हणायला फारसा आधार नाही. तो मुळात बहुतेक वेळा उन्हामुळे होत नाही. ज्यांना सनस्क्रीनची, टोपीची, पूर्ण बाह्यांची खरोखर जीवनमरणाची गरज आहे ती आपल्यातली माणसं म्हणजे अल्बिनिझम असलेली, ज्यांच्या कातडीत जन्मतः रंगच नसतो. त्यांच्यासाठी कुणी रील करताना मी बघितलं नाही.

आता एक कबुली. सगळ्यांची सगळी कातडी तपासली तर माणसं वाचतात का, याचं ठाम 'हो' माझ्याकडे नाही. अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या टास्क फोर्सनं २०२३ मध्ये पुन्हा सांगितलं की लक्षणं नसलेल्या लोकांची अशी सरसकट तपासणी करावी की करू नये, हे ठरवायला पुरावा अपुरा आहे. जर्मनीत २००८ पासून पस्तिशीपुढच्या प्रत्येकाला दर दोन वर्षांनी ही तपासणी मिळते, फॅमिली डॉक्टरही करतात. त्याआधी तिथल्या एका राज्यात प्रयोग झाला तेव्हा मृत्यू कमी झाल्यासारखे दिसले होते, सगळे खूश झाले होते, पण पुढच्या काही वर्षांत आकडा पुन्हा होता तिथे आला. खुद्द ऑस्ट्रेलियातही सरसकट राष्ट्रीय तपासणी मोहीम नाही. जास्त धोका असलेल्यांना बघायचं, आणि बाकीचे आपणहून येतात. जास्त बघितलं की जास्त सापडतं, आणि सापडलेलं सगळं जीवघेणं नसतं. मी कापते त्यातले कितीतरी नुसते तीळ निघतात. परवा एक सव्वीस वर्षांचा मुलगा आला, फोनमध्ये स्वतःच्या तिळांचे चाळीस फोटो, रोज रात्री काढलेले. त्याला काही नव्हतं. झोप नव्हती एवढंच.

रोज ऐंशी पेशंटच्या ओपीडीत डोक्यापासून पायापर्यंत कातडी तपासा, असं मी अण्णांना कधीच सांगणार नाही. ते मला वेड्यात काढतील आणि बरोबर करतील. मी एवढंच सांगितलं: महिनाभरात न भरलेली टाचेची जखम असली की तुकडा काढायला पाठवा. आणि आलेल्याचा तळवा एकदा उलटा करून बघा.

हे मी सांगितलं दोन वर्षांपूर्वी, सोलापूरला गेले होते तेव्हा. सोबत एक डर्माटोस्कोप नेला होता त्यांच्यासाठी. अण्णा आता त्र्याहत्तरचे. त्यांनी तो हातात घेतला, दिवा लावून-विझवून बघितला, स्वतःच्या हाताचा एक तीळ बघितला आणि ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. मावशींचं नाव त्यांनीही काढलं नाही, मीही नाही. मला वाटलं, गेला तो ड्रॉवरमध्ये.

गेल्या फेब्रुवारीत व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. तळवा. खाली मेसेज: 'हे कडेवर आहे का मधे?'

तळव्याची कातडी बोटाच्या ठशासारखी असते, उंचवटे आणि त्यांच्यामधल्या चऱ्या. साध्या तिळाचा रंग बहुतेक वेळा चऱ्यांमध्ये बसतो, मेलॅनोमाचा उंचवट्यांवर. जपानी डॉक्टरांनी हे बारकाईनं शोधून काढलं. उंचवटा कुठला हे ओळखायची खूण म्हणजे घामाची छिद्रं, ती उंचवट्यावर पांढऱ्या ठिपक्यांसारखी रांगेत दिसतात. आणखी एक युक्ती आहे. तळव्याला शाई चोळायची आणि पुसायची, शाई चऱ्यांमध्ये राहते. हे मी अण्णांना सांगितलेलं नव्हतं. त्यांनी कुठून वाचलं कोण जाणे, फोटोत तळवा निळा होता. त्यांच्या फाउंटन पेनची शाई.

पाय होता बावीस वर्षांच्या पोराचा. पोलीस भरतीची तयारी. पहाटे अनवाणी पळायचा सराव. डाग आठ मिलिमीटरचा, कडा एका बाजूनं पुसट, आणि पोराच्या म्हणण्याप्रमाणे वर्षभरात वाढलेला. मी फोटो मोठा करून बघितला, नवऱ्याच्या लॅपटॉपवर बघितला. काही ठिकाणी रंग चऱ्यांत, काही ठिकाणी उंचवट्यावर आल्यासारखा. फोटोवरून सांगता येत नव्हतं. सातच्या वरचा, साध्या तिळात न बसणारा डाग असेल तर तुकडा तपासावा, असा नियम आहे.

मी फोन केला. अण्णा म्हणाले, "अठरा दिवसांनी त्याचं ग्राउंड आहे. सोळाशे मीटर. तळव्याला टाके घातले तर पळता येणार नाही. महिनाभर थांबलं तर?"

इथला एखादा पेशंट असता तर मी काय म्हणाले असते? चांगला फोटो घेऊन ठेवा, ग्राउंड होऊ दे, महिन्यानं काढू. बहुधा असंच. मेलॅनोमा असता तरी महिन्याभरात फार मोठा फरक पडत नाही. हे मला माहीत होतं.

मी म्हटलं, "नको. आत्ताच पाठवा."

अण्णा क्षणभर गप्प बसले. मग म्हणाले, "बरं." त्यांनी सोलापूरला पाठवलं. चिठ्ठीचा फोटो मला पाठवला, त्यांच्या त्या तिरक्या अक्षरात. वय, डागाचं माप, किती दिवसांपासून, आणि शेवटी एक ओळ: 'बिब्बा लावलेला नाही. विचारलं आहे.'

नऊ दिवसांनी रिपोर्ट आला. साधा तीळ.

पोराचं ग्राउंड हुकलं. अण्णांनी मेडिकल सर्टिफिकेट दिलं, त्याचा उपयोग झाला नाही. त्याचे वडील दवाखान्यात येऊन बोलून गेले, बरंच बोलले. अण्णांनी सगळं माझ्या नावावर न टाकता स्वतःवर घेतलं. हे मला आईकडून कळलं. पुढची भरती कधी निघेल कुणालाच माहीत नव्हतं.

मी त्या रात्री अण्णांना फोन केला. म्हटलं, चूक झाली का माझी? खरं तर मला विचारायचं होतं की निर्णय मी घेतला की मावशींनी. ते विचारता आलं नाही.

"रिपोर्ट चांगला आला ना," ते म्हणाले. मग बराच वेळ डाळिंबाच्या भावाबद्दल बोलले. फोन ठेवता ठेवता म्हणाले, "येणार आहे उद्या तो, ड्रेसिंगला. चिडलाय अजून. चिडू दे. दुसऱ्या पायाचा तळवा बघायचा राहिलाय त्याचा."